तक्रार पत्र: इमर्जन्सी विभागात माझ्या मुलाला पालथं दाबून धरल्याबद्दल

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
रुग्णालय व्यवस्थापन

विषय: १५ वर्षांच्या मनोरुग्ण मुलाला मिळालेली वागणूक आणि फाइल न वाचता दिलेलं इंजेक्शन.

महोदय,

गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री साडेअकराला मी माझ्या मुलाला तुमच्या इमर्जन्सी विभागात आणलं. तीन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं तो सारखं म्हणत होता. त्या संध्याकाळी त्याने आरसा फोडला आणि अडवायला गेलेल्या वडिलांना ढकललं. यातलं काहीही मी लपवलं नाही. पण खिडकीवर 'आरसा फोडला' एवढं ऐकल्यावर पुढचं कुणी ऐकूनच घेतलं नाही.

आत तो कॉटच्या कडेला बसला होता. दारात चार सिक्युरिटीवाले, समोर डॉक्टर आणि दोन ब्रदर. "शांत हो", "झोप", "हात खाली घे", सगळे एकदमच बोलत होते. तो म्हणाला, "तो लाइट बंद करा आणि यांना बाहेर पाठवा." दोन्ही गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. एकही केली नाही. तो उभा राहिला तेव्हा एकाने मागून हात पकडला, याने झटकला आणि त्या सिक्युरिटीवाल्याचा ओठ फुटला. त्याला लागलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. अशा वेळी काय करायचं हे त्यालाही कुणी शिकवलेलं नसणार.

घरी आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. अमेरिकेतल्या इमर्जन्सी मानसोपचार तज्ज्ञांनी २०१२ साली 'प्रोजेक्ट बेटा' नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात साध्या साध्या गोष्टी आहेत: बोलायचं एकाच माणसाने, उभं राहायचं दोन हात लांब, रुग्णाला काय हवंय ते विचारायचं. माझा मुलगा तर न विचारताच सांगत होता.

मग त्याला कॉटवर पालथं पाडलं आणि एकाने पाठीवर गुडघा दिला. "मला श्वास येत नाहीये," हे मी तीनदा ऐकलं. ब्रदर म्हणाले, "बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे." हे खरं नाही. पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन आलं की छाती फुलत नाही. अशा धरण्यात माणसं दगावलेली आहेत. 'गोळी तोंडाने घेशील का?' हे त्याला एकदाही विचारलं नाही. त्याच दुपारी त्याने माझ्या हातून गोळी घेतली होती. ताप, रक्तातली साखर, डोक्याला मार, या कशानेही मूल असं बिथरू शकतं. ते तपासायला पहाट उजाडावी लागली.

आता इंजेक्शनबद्दल. दोन वर्षांपूर्वी हॅलोपेरिडॉल हे बिथरलेल्या रुग्णाला शांत करण्याचं औषध दिल्यावर त्याची मान वळून आखडली होती. तेव्हाच्या डॉक्टरांनी फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने तसं लिहून ठेवलं आहे. ते पान उघडून मी डॉक्टरांसमोर धरून उभी होते. "ताई, बाजूला व्हा," एवढंच उत्तर मिळालं, आणि तेच औषध दिलं गेलं. चारच्या सुमारास त्याची मान डावीकडे वळली, डोळे वर चढले, जीभ जड झाली. सिस्टर म्हणाल्या, "लक्ष वेधून घेतोय." तरुण मुलांमध्ये या औषधाने हा त्रास जास्त होतो, हे त्यांना माहीत असायला हवं होतं. तासाभराने दुसरे डॉक्टर आले, त्यांनी बघताक्षणी ओळखलं, उताऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ झाली. मधला तो तास त्याने हातपाय बांधलेल्या अवस्थेत काढला.

पट्टे सहाला सुटले, म्हणजे जवळपास सहा तासांनी. अमेरिकेच्या नियमांत ९ ते १७ वयाच्या मुलाला बांधण्याचा आदेश एका वेळी जास्तीत जास्त २ तासांचा असतो. इथे आदेश कुणी दिला आणि मध्ये किती वेळा पाहिलं, हे विचारल्यावर कुणालाच सांगता आलं नाही.

त्या रात्री एकच माणूस नीट वागलं. चादर बदलायला आलेल्या मावशींनी आधी डोक्यावरचा लाइट बंद केला, स्टूल ओढून त्याच्याहून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बाळा, पट्टा काचतोय का?" तो रडायला लागला. नंतर त्याने स्वतःहून पाणी मागितलं. मावशींची कुठेतरी चांगली नोंद व्हावी, ही माझी पहिली विनंती.

बांधण्याचा आदेश, औषधांच्या वेळा आणि देखरेखीच्या नोंदींची प्रत मला द्या. त्या रात्रीचं सीसीटीव्ही चित्रण पुसू नका. सिक्युरिटीसह सगळ्या कर्मचाऱ्यांना अशा मुलांशी बोलण्याचं आणि सुरक्षित धरण्याचं प्रशिक्षण कधी देणार, ते १५ दिवसांत लेखी कळवा.

डिस्चार्जच्या कागदावर 'हिंसक रुग्ण, विनाकारण हल्ला' असं लिहिलं आहे. हा कागद पुढच्या प्रत्येक डॉक्टरकडे त्याच्या आधी पोहोचणार. 'विनाकारण' हा शब्द काढा आणि हॅलोपेरिडॉलने झालेला त्रास त्यावर ठळक लिहा. लाल पेनाच्या नोंदीची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
रुग्णाची आई