गोळी शाळेत पोहोचली, बांधीत कधी?

मा. संपादक,

१० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाची बातमी वाचली. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल ही जंताची गोळी मिळते, हे उत्तमच. पण गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या जिल्ह्यात तेवढ्याने भागत नाही.

आरोग्य सेवक म्हणून मी नोकरीभर तापाच्या रुग्णांची बोटे टोचली. ऐन भाताच्या रोवणीत बांधीतून, म्हणजे भातखाचरातून, थेट आलेली एक बाई अजून डोळ्यांपुढे आहे. पायांना ओला चिखल, बोटांच्या बेचक्यांत खाजवून सोललेली कातडी. हिवताप तपासायच्या किटवर फाल्सिपेरम या घातक हिवतापाची रेघ उठली, औषध दिले, ताप उतरला. पण खालची पापणी ओढून पाहिली तर आत पांढरीफटक, म्हणजे अंगात रक्त कमी. अंकुशकृमी या जंताच्या अळ्या अशा अनवाणी पायांतून शिरतात आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त पितात. इकडे हिवताप तांबड्या पेशी फोडत असतो. तिची जंतांसाठी तपासणी झालीच नाही. आमच्या नोंदवहीत तो रकानाच नव्हता.

रक्ताबरोबर प्रतिकारशक्तीचेही गणित बिघडते. हिवतापाशी लढायला जोरकस हल्ला करणाऱ्या पेशी लागतात. जंतांना मात्र वर्षानुवर्षे मुक्काम करायचा असतो. त्यांच्यामुळे शरीर इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी आणि आयजीई ही प्रतिपिंडे वाढवण्याच्या वाटेला लागते, शिवाय हल्ला आवरणाऱ्या नियामक पेशीही वाढतात. हे आवरणे हिवतापाच्या पथ्यावर पडू शकते. थायलंडमधल्या २००२ च्या अभ्यासात जंत असलेल्यांना फाल्सिपेरमचा ताप जास्त वेळा आलेला दिसला. तिथेच २००० साली, गोलकृमी हा आतड्यातला दुसरा जंत असलेल्यांत मेंदूचा हिवताप कमी आढळला होता; आवरलेल्या प्रतिकारामुळे मेंदूची इजा टळत असावी, असा तर्क आहे. सेनेगलच्या खेड्यांतील मुलांत मात्र गंभीर हिवताप आणि गोलकृमी सोबतच दिसले. तेव्हा 'जंत राहिले तर बरेच' असे कुणी म्हणू नये. त्या बाईच्या पापणीने मला त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे.

गरोदर बाईला दुसऱ्या तिमाहीत जंताची गोळी मिळते. तिच्यासोबत त्याच चिखलात पऱ्हे लावणाऱ्या नवऱ्याला आणि सासूला मिळत नाही. शाळेतले पोर जंतमुक्त झाले तरी घरची मोठी माणसे उघड्यावर बसतात आणि माती पुन्हा अळ्यांनी भरते. हिवतापाच्या गावांत रोवणीआधी मोठ्यांनाही गोळी द्यावी, आणि किटवर रेघ उठलेल्या प्रत्येकाचे हिमोग्लोबिन त्याच बैठकीत तपासावे. बोट तर टोचलेलेच असते. एक थेंब अधिक घ्यायचा, एवढेच.

— एक निवृत्त आरोग्य सेवक, जि. गडचिरोली