मियाकेच्या पाच ऑलिंपिकची एका वाक्यात बोळवण

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतील मीराबाई चानूवरचा लेख आस्थेने लिहिला आहे, त्याबद्दल लेखकाचे आभार. मात्र टोकियो ऑलिंपिकमध्ये तिच्याच वजनगटात उतरलेल्या जपानी वेटलिफ्टर हिरोमी मियाकेविषयी त्यात जे एकमेव वाक्य आले आहे, ‘घरच्या प्रेक्षकांसमोर जपानी खेळाडूची पुरती नाचक्की झाली’, ते वाचून मला वाईट वाटले आणि रागही आला.

24 जुलै 2021 रोजी 49 किलो गटात मियाकेने स्नॅचमध्ये (बार एका झटक्यात डोक्यावर नेणे) 74 किलो उचलले आणि क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यांवर, मग डोक्यावर नेणे) 99 किलोचे तिन्ही प्रयत्न हुकल्यामुळे तिची एकूण कामगिरी नोंदलीच गेली नाही, हे खरे आहे. पण तेव्हा ती 35 वर्षांची होती आणि ते तिचे सलग पाचवे ऑलिंपिक होते. 2004 मध्ये अथेन्सला ती नववी आली होती आणि त्याच स्पर्धेत आपली कुंजराणी देवी चौथी होती, यावरून हा प्रवास किती लांबचा आहे ते ध्यानात यावे. काका योशिनोबू यांची 1964 आणि 1968 ची दोन सुवर्णपदके, वडील योशियुकी यांचे मेक्सिको सिटीतले कांस्य, अशा घरातली ही मुलगी लहानपणी पियानो शिकत होती. 2000 साली सिडनीत महिलांच्या वेटलिफ्टिंगला ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा स्थान मिळाले, ते पाहून ती या खेळाकडे वळली. घराणे एवढे मोठे असूनही पहिले पदक मिळायला तिला तिसरे ऑलिंपिक उजाडावे लागले. लंडनमध्ये 87 आणि 110 असे एकूण 197 किलो उचलून तिने रौप्य मिळवले, आणि जपानच्या महिला वेटलिफ्टरचे ते पहिले ऑलिंपिक पदक ठरले.

लेखकाने रिओचा उल्लेख केला असता, तर ते वाक्य त्यांच्या हातून लिहिले गेले नसते, असे मला मनापासून वाटते. 2016 मध्ये रिओला मीराबाईने स्नॅचमध्ये 82 किलो उचलले होते आणि मियाकेने 81. नंतर जर्कमध्ये मीराबाईचे तिन्ही प्रयत्न हुकले, तर मियाकेने 107 किलो पेलून 188 च्या बेरजेवर कांस्यपदक घेतले आणि आनंदाच्या भरात बारलाच मिठी मारली. पाच वर्षांनी टोकियोत मियाकेचा जर्क गेला आणि 202 किलोंसह मीराबाईला रौप्य मिळाले. दोघींच्या वाट्याला एकच प्रसंग आला असताना मीराबाईच्या रिओला आपला लेख ‘उभारीची सुरुवात’ म्हणतो आणि मियाकेच्या टोकियोला नाचक्की म्हणतो, हा न्याय मला पटत नाही.

मी सांगली जिल्ह्यात मुलींना वेटलिफ्टिंग शिकवते, त्यामुळे अशा शब्दाने काय होते ते मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका राज्य स्पर्धेत माझ्याकडच्या एका मुलीने स्नॅचमध्ये तिच्या गटात सर्वांत जास्त वजन उचलले होते. जर्कचे पहिले दोन प्रयत्न गेले. तिसऱ्यात बार डोक्यावर पोहोचला, पायही स्थिर झाले, पण वरती कोपर जरासे वाकले म्हणून दोन पंचांनी लाल दिवा दिला. आमच्या खेळात जर्क शून्य झाला की स्नॅच कितीही चांगला असला तरी बेरीज लागत नाही, हा नियम आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी मात्र एका दैनिकात तिच्या नावासह ‘भोपळाही न फोडता परतली’ असे छापून आले. तिच्या स्नॅचचा आकडा त्या बातमीत कुठेच नव्हता. गावात ते कात्रण वडिलांना कुणीतरी वाचून दाखवले आणि त्यांनी तिचा सराव बंद केला. मी घरी जाऊन विनवण्या केल्या, पण ‘नाव पेपरात असं यायला नको होतं’ एवढेच ते म्हणत राहिले. एवढ्या ताकदीची मुलगी त्यानंतर माझ्याकडे आलेली नाही.

लेखासोबतच्या चौकटीत मियाकेचा बीजिंगमधला क्रमांक सहावा दिला आहे, तोही दुरुस्त करावा. 2008 मध्ये ती सहावी आली होती खरी, पण त्या स्पर्धेतील सुवर्ण आणि रौप्यपदक विजेत्यांचे जपून ठेवलेले नमुने पुढे पुन्हा तपासले गेले, त्यांत बंदी असलेली द्रव्ये सापडली आणि चीनची चेन शिएशिया व तुर्कस्तानची सिबेल ओझकान या दोघींची पदके काढून घेण्यात आली. त्यामुळे तैवानची चेन वेइ-लिंग सुवर्णाची मानकरी ठरली आणि मियाके चौथी. प्रामाणिकपणे खेळणाऱ्या बाईला आपला खरा क्रमांक कळायला आठ वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले, आणि तो कळल्यानंतरही आपल्याकडे जुनाच आकडा छापला जावा, याचे मला फार वाईट वाटते.

पुढच्या रविवारी पुरवणीत त्याच जागी बीजिंगचा चौथा क्रमांक छापावा, आणि लंडन व रिओच्या दोन पदकांची नोंद तिच्या नावापुढे करावी, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
एक प्रशिक्षिका, सांगली