गिन्नी मोडण्याआधी अक्षर बघा

मा. संपादक,
स. न.

सोन्याचा भाव चढला की घरोघरच्या राणीछाप-राजाछाप गिन्न्या बाहेर निघतात आणि ‘जुनी गिन्नी म्हणजे लॉटरी’ असे निरोप मोबाइलवर फिरू लागतात. नुसत्या वजनावर मोड करून टाकणे आणि या निरोपांवर विसंबणे, दोन्ही सारखेच नुकसानीचे.

आपण जिला गिन्नी म्हणतो ते ब्रिटिश सोन्याचे नाणे म्हणजे सॉव्हरिन. १८१७ पासूनच्या सॉव्हरिनचे वजन ७.९८८ ग्रॅम, कस २२ कॅरट; म्हणजे शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम. त्या दिवसाच्या २४ कॅरटच्या भावाने याचे जे होतील ते तळाचे पैसे. त्यावर जे मिळेल ते साल, टाकसाळ आणि नाण्याची अवस्था यांचे.

राजाछाप गिन्नीवर घोडेस्वार सेंट जॉर्जच्या बाजूला, सालाच्या अगदी वर, जमिनीच्या रेघेवर टाकसाळीचे एक बारीक अक्षर असते. एस सिडनीचे, एम मेलबर्नचे, पी पर्थचे, सी ओटावाचे, एसए प्रिटोरियाचे आणि आय आपल्या मुंबईचे. अक्षर नसेल तर नाणे लंडनचे. मुंबईत ब्रिटिश काळात सॉव्हरिन पडले ते फक्त १९१८ साली, सुमारे १३ लाख. त्यामुळे चांगल्या अवस्थेतल्या मुंबईच्या नाण्याला सोन्यावर थोडे जास्त मिळते, घबाड नव्हे. त्याच साली, त्याच वजनाची आणि कसाची पंधरा रुपयांची मोहोरही मुंबईत निघाली. तिला संग्राहक कितीतरी जास्त देतात. ती गिन्नीच्या भावात जाऊ देऊ नका.

किती नाणी पाडली यापेक्षा किती उरली, हे महत्त्वाचे. १९१७ मध्ये लंडनने दहा लाखांवर सॉव्हरिन काढले, पण बहुतेक वितळले गेले आणि आज ते दुर्मीळ आहे. म्हणूनच अक्षर नसलेले १९१७ हाती आले की आधी संशय घ्यावा: ते बनावट असेल, नाहीतर ऑस्ट्रेलियन नाण्यावरचे अक्षर खरवडलेले असेल. लंडनने १९१८ साली सॉव्हरिन काढलेच नाही. तेव्हा त्या सालाचे बिनअक्षरी नाणे लंडनचे म्हणून कुणी गळ्यात मारू लागला तर सरळ नको म्हणा.

घरी करता येईल अशी तपासणी: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. गिन्नी दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा ०.४५ च्या आसपास थांबला पाहिजे. आकडा बराच जास्त आला तर सोने हलके आहे. मात्र बैरुतमध्ये १९५०-६० च्या दशकांत पूर्ण कसाच्या सोन्यात नकला पडल्या, त्या या परीक्षेत पास होतात. तिथे भिंगच हवे: सालाच्या उजवीकडची, नक्षीकार पिस्त्रुचीची ‘बीपी’ ही आद्याक्षरे पुसट, काठाचे दाते ओबडधोबड, पृष्ठभागावर बारीक फोड दिसतात का ते पाहा.

आपल्याकडे खरे नुकसान होते ते कडीमुळे. माळेत ओवायला काठाला टाका मारला की संग्राहकाच्या लेखी ते नाणे संपले. कडी काढून काठ घासला तरी डाग दिसतो आणि वजनही घटते. चिंच, रिठे, पॉलिश यांनी उजाळा देऊ नका. चकाकी येते, मूळची झळाळी कायमची जाते.

आणखी एक. शंभर वर्षांपुढची नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि ती खासगीरीत्या परदेशी नेता येत नाहीत. १९१८ ची गिन्नीही आता त्यात येते. त्यामुळे लंडनच्या लिलावातले आकडे दाखवून कुणी नाणे तिकडे पाठवायला मागत असेल, तर देऊ नये.

– एक नाणेसंग्राहक, पुणे