पळणं की नाचणं?

मॅरेथॉनच्या बातमीत आकडे असतात, पळण्याचं रूप नसतं. केनियाच्या एलिउड किपचोगेची २०२२ ची बर्लिन शर्यत मी मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहतो. ४२.१९५ किलोमीटर, २ तास १ मिनिट ९ सेकंद. म्हणजे दर शंभर मीटरला साधारण सव्वासतरा सेकंद, आणि असे चारशेहून अधिक शंभर मीटर सलग! (आमच्या मेहरुण तलावाकाठी मी एक शंभर मीटर जीव खाऊन पळालो, चोवीस सेकंद लागले आणि बाकावर बसावं लागलं.)

पण मोह वेळेचा नाही. खांदे सैल, मान स्थिर, मुठी अर्धवट मिटलेल्या. डोक्यावर पाण्याचा हंडा ठेवला तरी हिंदकळणार नाही असं वाटतं. पाय जमिनीला टेकतात न टेकतात तोच उचललेले. थकवा वाढला की इतरांचे चेहरे वाकडे होतात. हा गडी चक्क हसतो. हसल्याने अंग सैल राहतं, असं त्याचं म्हणणं.

२०१९ मध्ये व्हिएन्नात त्याने हेच अंतर १:५९:४० मध्ये कापलं. आळीपाळीने साथ देणारे धावपटू होते, म्हणून तो अधिकृत विक्रम धरला नाही. नसेना का! ते चित्रण आईला दाखवलं. चष्मा सावरत ती म्हणाली, "हाऊ पयी राह्यना का नाची राह्यना?"

क्रीडा पानावर अशा धावण्याचं एखादं मोठं छायाचित्र छापाल का?

— एक वाचक, जळगाव