डॉक्टर येईपर्यंतचा तास

मा. संपादक,
स. न.

पावसाळा लागला की इंदूरच्या बालरुग्ण विभागांत जुलाब-उलट्यांनी गळालेली मुलं येऊ लागतात. खाटा किती, डॉक्टर किती, यावर बोललं जातं. रात्री डॉक्टर खाटेपाशी पोहोचेपर्यंत उपचार कुणी सुरू करायचा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. मुलांच्या उपचारांत प्रशिक्षित नर्स प्रॅक्टिशनरला, म्हणजे जादा शिक्षण घेऊन काही उपचार स्वतः सुरू करू शकणाऱ्या परिचारिकेला, तो अधिकार लेखी मिळायला हवा.

दहा महिन्यांचं, आठ किलोचं बाळ घ्या. डोळे खोल गेलेले, पोटाची चिमटी सोडली तरी कातडी सावकाश बसते, दूध ओढत नाही. पहिल्या तासात किलोमागे 30 मिली, म्हणजे 240 मिली रिंगर लॅक्टेट (शिरेतून द्यायचं क्षारांचं सलाइन). पुढच्या पाच तासांत 560. बाळ लहान म्हणून सवयीनं मायक्रोड्रिप (बारीक थेंबांचा) सेट लागतो. त्यात 60 थेंबांचा एक मिली, म्हणजे मिनिटाला 240 थेंब. ते मोजणार कोण? 20 थेंबांच्या साध्या सेटवर हेच 80 होतात. तासाभरानं नाडी भरली की वेग 37-38 वर आणायचा. ते राहिलं तर पापण्या सुजतात, धाप लागते. अतिकुपोषित बाळाला तर हा हिशेबच चालत नाही, त्याच्या हृदयाला एवढं पाणी झेपत नाही. (पंप असला तर थेंब मोजावे लागत नाहीत, पण खाटेगणिक पंप आहेत कुठे?)

नर्स प्रॅक्टिशनरची सुरुवातच मुलांच्या उपचारांतून झाली: 1965, अमेरिकेतलं कोलोरॅडो, परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. हेन्री सिल्व्हर. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधल्या (अतिगंभीर रुग्णांच्या) नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण तो खास मुलांसाठी नाही. शिकून आलेल्या सिस्टरला त्या नावाचं पद नसेल, तर ती पुन्हा जनरल ड्यूटीवरच जाणार.

डॉक्टरांची जागा घेतली जाईल ही भीती अनाठायी आहे. श्वासनलिकेत नळी घालणं, निदान, पुढची औषधं त्यांच्याकडेच राहोत. ऑक्सिजन, पहिलं सलाइन, झटक्यावरच्या औषधाचा पहिला डोस आणि रक्तातली साखर उतरली असेल तर 10 टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) किलोमागे 5 मिली, एवढं सिस्टरनं सुरू करावं आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन जावा. 10 टक्क्यांचं नसेल तर आठ किलोच्या बाळासाठी 25 टक्क्यांचं 16 मिली आणि 24 मिली डिस्टिल्ड वॉटर. त्यासाठी केसपेपरवर सर्वांत आधी वजन हवं, तेही काट्यावर केलेलं. अंदाजानं लिहिलेल्या वजनावर सगळेच डोस चुकतात.

आजही यातलं बरंचसं सिस्टरच करतात आणि ऑर्डर मागाहून कागदावर चढते. बाळ सावरलं तर कुणी विचारत नाही; बिघडलं तर पहिला प्रश्न 'कुणाला विचारून केलंत?' हाच येतो. प्रत्येक कृतीपुढे वेळ आणि करणाऱ्या सिस्टरची स्वतःची सही, असा रकाना केसपेपरवर छापायला शासनाला फार खर्च येणार नाही.

– बालरुग्ण विभागातील परिचारिका, इंदूर