यानाचा हप्ता कोण भरणार?

पुणे, रविवार

प्रिय मंदार,

तुझा भला मोठा मेसेज वाचला. हे फोनवर आटपणारं नाही, म्हणून लिहायलाच बसलो.

तर तुझ्या बंगळुरूच्या कंपूला ड्रॅगनचा कंटाळा आलाय, सगळ्यांना अंतराळयान हवंय, आणि नवं रूलबुक वाचायला मात्र एकही जण तयार नाही. फासे टाकून टेबलाभोवती खेळायच्या आपल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सची, म्हणजे डी अँड डीची, पाचवी आवृत्ती सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा तीच चालवायची. तलवारीच्या जागी लेझर, जादूगार विझार्डच्या जागी मनाच्या शक्तीवर चालणारा सायकिक, की झालं काम, असं तुझं म्हणणं. होईल की! पण दोन-तीन सेशन झाली की तुझं तुलाच दिसेल, गुहा जुनीच आहे, फक्त भिंतींना पत्रा ठोकलाय.

आधी बंदुकीचं बघ. खेळ चालवणाऱ्यासाठीच्या २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये लेझर रायफल तयारच आहे: इजा ३डी८, म्हणजे आठ बाजूंचे तीन फासे, सरासरी साडेतेरा. पहिल्या लेव्हलचा फायटर, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणाचा आकडा) १४ धर, म्हणजे १२ हिट पॉइंट; तेवढी इजा झाली की गडी पडला. एका झोतात आडवा. तोच गडी दहाव्या लेव्हलला ८४ वर जातो आणि त्याला पाडायला सरासरीने सात झोत लागतात. व्हिलनने कानशिलाला रायफल टेकवली तरी तुझा तो दर वेळी न विचारता दार फोडणारा प्लेअर मनातल्या मनात भागाकार करणार आणि खुशाल उलट उत्तर देणार. तलवारींच्या जगात हे खपून जातं. हिट पॉइंट म्हणजे नुसतं रक्त नाही, वार चुकवण्याची हुशारी आणि नशीबही त्यात आलं, असं आपण धरून चालतो. प्रकाशाचा झोत कसा चुकवणार?

स्टारफाइंडर या अंतराळातल्या खेळाने २०१७ मध्ये यावर हिशोबी तोड काढली: शस्त्रांनाच लेव्हल. सुरुवातीचं लेझर पिस्तूल जेमतेम १डी४, आपल्या खंजिराएवढं. पुढे लेव्हल वाढेल तसं जास्त महागाचं पिस्तूल घ्यायचं. गणित चोख बसतं, पण मला ते कधी पटलं नाही. परग्रहावर जायचं आणि दर चार सेशननंतर मोबाइल बदलावा तसं पिस्तूल बदलायचं!

त्यापेक्षा केविन क्रॉफर्डच्या ‘स्टार्स विदाउट नंबर’ या अंतराळ-खेळाचं रूलबुक उघड. त्याची फुकट आवृत्तीही मिळते. सांगाडा जुन्या डी अँड डीचाच आहे, स्किलसाठी मात्र दोन सहा-बाजूंचे फासे. हिट पॉइंट मुद्दाम आखडते ठेवलेत, त्यामुळे बंदूक दिसली की प्लेअर आधी बोलून बघतात. आणि त्यातला सिस्टिम स्ट्रेनचा नियम तर तू जसाच्या तसा उचल. झटपट औषधाने जखम भरली की शरीरावर ताण चढतो. तो कॉन्स्टिट्यूशनच्या आकड्याला टेकला की पुढचं औषध लागूच पडत नाही. रात्रभर नीट झोपलं तर एक उतरतो. एकच! तुमच्यातल्या क्लेरिकवाल्याला, म्हणजे जखमा बऱ्या करणाऱ्याला, हे आधी सांगून ठेव, नाहीतर टेबलावर भांडण होईल.

माझ्या सगळ्या बडबडीचा मुद्दा इथेच आहे. नावं बदलत बसू नकोस, काय संपतं ते बदल. गायगॅक्स आणि आर्नेसनचा १९७४ चा मूळ डी अँड डी मशाल, शिधा आणि स्पेल संपण्याच्या धाकावर चालायचा. आता उजेड पाडणारी लाइट कँट्रिप, म्हणजे कितीदाही वापरता येणारी छोटी जादू, फुकटात मिळते, मशाली मोजतंय कोण? अंतराळात तो धाक आयता परत मिळतो, कारण तिथे हवा संपते, इंधन संपतं, पैसा संपतो.

हवेचंच घे. पाचव्या आवृत्तीप्रमाणे आपला १४ वाला फायटर तीन मिनिटं श्वास रोखतो. पाण्यात ठीक आहे. निर्वात पोकळीत श्वास रोखणं म्हणजे फुफ्फुसं फाडून घेणं. १९६६ मध्ये ह्यूस्टनला नासाच्या चाचणीकक्षात एका तंत्रज्ञाच्या सूटची नळी निसटली. चौदाएक सेकंदांत तो बेशुद्ध पडला. जिभेवरची लाळ उकळल्यासारखी बुडबुडतेय, एवढंच त्याला शेवटचं आठवत होतं. कक्षात हवा भरल्यावर तो वाचला. आपल्या लढाईतला राउंड, म्हणजे प्रत्येकाची एकेक पाळी, सहा सेकंदांचा, म्हणजे सूट फाटल्यावर हातात दोन राउंड. तिसऱ्यात शुद्ध गेली. हा नियम ठेव आणि मग एअरलॉकपाशी कुणी दार फोडतं का बघ.

पैशासाठी मार्क मिलरच्या १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळ-खेळाचे नियम वाच. त्यात कॅरॅक्टर तयार करतानाच मरू शकतं, ती गंमत वेगळीच. मला आवडतो तो यानाचा हप्ता: दर महिन्याला किमतीचा २४० वा भाग, आणि तो ४८० महिने. चाळीस वर्षं! फ्लॅटच्या वीस वर्षांच्या कर्जावर तू एवढा रडतोस, त्या कॅप्टनचं काय होत असेल? साहस सुरू करायला खानावळीत दाढीवाल्या म्हाताऱ्याने नकाशा देण्याची गरजच उरत नाही. हप्त्याची तारीख जवळ आली की पार्टी आपणहून नको त्या माणसाचा माल नको त्या ग्रहावर न्यायला तयार होते.

यान-यान लढाईवर फार मेहनत घेऊ नकोस. पायलट खेळतो आणि बाकीचे चिवडा खातात. स्टारफाइंडरने प्रत्येकाला हुद्दा दिला, तरी इंजिनिअरवाला दर राउंडला तोच रोल करतो. शत्रू यानाला चिकटव आणि लढाई कॉरिडॉरमध्ये आण. सगळे लांबूनच बंदुका झाडत बसतील, हा प्रश्नही त्यातच मिटतो.

आणि कंपू अगदीच कुरकुरला तर एक पळवाट आहे. गायगॅक्सचं १९८० चं ‘एक्स्पिडिशन टू द बॅरिअर पीक्स’ हे डी अँड डीचं तयार साहस माहितीये ना? त्यात तलवारवाली पार्टीच कोसळलेल्या यानात शिरते. हाती लागलेली नळी नेमकी कशाची, हे खटपट करून शोधायचं, आणि त्या खटपटीत स्वतःच्याच पायावर झोत सोडायचा. चालू कॅम्पेनमध्येच हे घाल. कॅरॅक्टर तीच, रूलबुक तेच. रुचलं तर त्याच यानातून पुढे निघा.

सायकिकच्या पॉवरची तू केलेली यादी पाठव. टेलिपोर्ट त्यात असेल तर आत्ताच काढ, नाहीतर एअरलॉक आणि इंधन दोन्ही बाद. शनिवारच्या सेशनआधी पाठवलीस तर शुक्रवारी रात्री बघून देतो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
समीर