क्विअर मुंबईचे हेरिटेज वॉक मराठीतूनही व्हावेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या क्विअर, म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी आणि अशा इतर माणसांच्या, इतिहासाची आणि रात्रजीवनाची ओळख करून देणाऱ्या हेरिटेज वॉकविषयी आपल्या दैनिकात आलेला लेख आणि त्यावरची वाचकपत्रे मी लक्षपूर्वक वाचली. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसे कोणत्या बारमध्ये जमत आणि रात्री कुठे नाचत याला इतिहास का म्हणावे, आणि म्हटले तरी तो लोकांना गल्लीबोळांतून हिंडवून सांगण्याची गरज काय, असा आक्षेप काही पत्रलेखकांनी घेतला आहे. मी गिरगावात राहते, माझी सारी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर अशा एका वॉकमध्ये मी चालले आहे. हे वॉक व्हायलाच हवेत, ते समुदायातल्या माणसांनीच घडवावेत आणि मराठीतूनही व्हावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

आधी रात्रजीवनावरच्या आक्षेपाविषयी. भारतीय दंड विधानाच्या ३७७ व्या कलमाखाली पुरुषांमधील संबंधांना जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगितली होती. १८६० साली इंग्रजांनी केलेल्या संहितेतले हे कलम ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते रद्द ठरवले. त्याआधी २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला दिलासा २०१३ च्या डिसेंबरात काढूनही घेतला गेला होता. इतका दीर्घ काळ ज्यांच्या डोक्यावर फौजदारी कायदा होता, त्यांनी आपल्या नावाचे सभागृह कुठे बांधावे? गिरणी कामगारांच्या इतिहासासाठी युनियनची दप्तरे सापडतात, चाळींच्या इतिहासासाठी गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तके सापडतात आणि जातींच्या संस्थांची तर वसतिगृहेच उभी आहेत. या माणसांच्या वाट्याला मात्र गेटवेपाशी अपोलो बंदरचा समुद्रालगतचा कठडा, लोकल गाडीतला गर्दीचा डबा आणि शनिवारी रात्री काणाडोळा करणारा एखादा बार एवढेच आले. भेटीगाठी तिथेच झाल्या, मैत्र्या तिथेच जुळल्या आणि पुढे ज्या संघटना उभ्या राहिल्या त्यांतील माणसेही पहिल्यांदा एकमेकांना अशाच ठिकाणी भेटली. तेव्हा तो इतिहास शोधायचा तर तिथेच जावे लागते.

आमच्या वॉकचे मार्गदर्शक साठी ओलांडलेले गृहस्थ होते. ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्लीत ‘गोकुळ’ बारजवळ त्यांनी आम्हाला थांबवले आणि तिथून पुढे आर्थर बंदर रोडवर, जिथे पूर्वी ‘वूडू’ नावाचा पब होता, तिथे नेले. नव्वदच्या दशकात शनिवारची रात्र म्हणजे आधी गोकुळमध्ये स्वस्तातला एखादा पेग आणि मग वूडू, असा अनेकांचा क्रम असे. विरार आणि कल्याणकडून येणारे काही जण ऑफिसच्या बॅगेत घडी करून आणलेला दुसरा शर्ट चर्चगेट स्टेशनच्या शौचालयात बदलत, आणि घरी परतण्याआधी पुन्हा पहिला शर्ट चढवत. शेवटची लोकल चुकली की गेटवेच्या कठड्यावर बसून पहाटेच्या पहिल्या गाडीची वाट पाहायची. हे सांगताना त्यांनी एक गोष्ट लपवली नाही, आणि ती मला महत्त्वाची वाटली. आत जायला पैसे लागत आणि ज्यांच्याकडे ते नसत त्यांची रात्र बाहेर कठड्यावरच सरे. तिथे पोलिसांचा दंडुका आणि धमकावून पैसे उकळणाऱ्यांचा जाच, हे दोन्ही सोसावे लागे. नाचणाऱ्यांच्या आनंदाबरोबर बाहेर राहिलेल्यांची हकिगतही जो वॉक सांगतो, त्याला मनोरंजनाची सहल म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे.

तरीही केवळ एका बारपासून दुसऱ्या बारपर्यंत चालत गेले की मुंबईचा क्विअर इतिहास संपला, असे आयोजकांनीही मानू नये. त्या रात्री बहुतांशी पुरुषांच्या होत्या. रात्री उशिरा एकटीने घराबाहेर राहणे ज्या स्त्रीला शक्य नव्हते, तिला ना वूडू उपलब्ध होता ना कठडा. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया एकमेकींच्या घरी भेटत, पत्रे लिहीत, आणि अशाच गाठीभेटींतून १९९५ मध्ये मुंबईत ‘स्त्री संगम’ हा गट उभा राहिला. १९९८ च्या डिसेंबरात दोन स्त्रियांच्या प्रेमावरचा ‘फायर’ हा चित्रपट दाखवला म्हणून गोरेगावच्या चित्रपटगृहात मोडतोड झाली, तीही याच शहरात. त्या चित्रपटगृहासमोर उभे राहून ही हकिगत सांगणारा वॉक मला अजून आढळलेला नाही. दक्षिण मुंबईतल्या देखण्या इमारतींच्या सोयीसाठी उपनगरांतला इतिहास गाळला जाऊ नये. १९९० मध्ये सुरू झालेले ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी समुदायाचे नियतकालिक आणि १९९४ मध्ये स्थापन झालेली, त्याच समुदायासाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था यांच्या कामाचा माग काढत गेले तर वाट सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यात जाते. तिथे महापालिकेच्याच इमारतीत या संस्थेला जागा मिळाली होती आणि एचआयव्हीच्या साथीत शेकडो माणसांना तिथे सल्ला आणि आधार मिळाला.

आता भाषेविषयी. मी ज्या वॉकमध्ये होते तो इंग्रजीतून झाला. आमच्यात डोंबिवलीहून आलेल्या एक बाई होत्या. मुलाने त्यांना आग्रहाने आणले होते आणि मार्गदर्शकांचे प्रत्येक वाक्य तो त्यांच्या कानाशी मराठीतून सांगत होता. कुलाब्याच्या वर्दळीत त्याचे निम्मे शब्द विरून जात होते. चौपाटीवर आल्यावर मार्गदर्शकांच्या ते लक्षात आले आणि उरलेला भाग त्यांनी मराठीतून सांगितला. तोपर्यंत गप्प असलेल्या त्या बाईंनी मग एकामागून एक प्रश्न विचारले. हा कायदा आपल्याकडे आला कुठून, त्या काळी ही माणसे आजारी पडली तर त्यांच्याकडे कोण बघायचे, लग्नाला नकार कसा द्यायची, असे ते प्रश्न होते. असा इतिहास ऐकण्याची सर्वांत जास्त गरज ज्या आईवडिलांना आहे, त्यांच्यातले किती तरी जण इंग्रजीच्या उंबऱ्यावरूनच परत फिरत असतील. शिवाय मार्गदर्शक होऊ शकतील अशी समुदायातली अनेक माणसे मराठीच बोलतात आणि केवळ फाडफाड इंग्रजी येत नाही म्हणून हे काम त्यांच्या हातून निसटते, तेही थांबायला हवे.

हा इतिहास मराठी माणसाचा नाही, बाहेरून आणलेला आहे, असे एका पत्रलेखकाने म्हटले आहे. त्यांनी गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजपाशी क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे. रघुनाथ धोंडो कर्वे तिथे गणित शिकवत असत आणि संततिनियमनाचा प्रचार सोडायची तयारी नसल्यामुळे १९२५ मध्ये त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून त्यांनी मुंबईतून ‘समाजस्वास्थ्य’ हे मराठी मासिक चालवले, ते १९५३ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत. वाचकांच्या खासगी प्रश्नांना, समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनाही, ते त्यात शास्त्राच्या आधारे उत्तरे देत. त्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने लेखन अश्लील ठरत नाही, आणि वाचकांनी प्रश्न विचारले असतील तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. लैंगिकतेचे इंग्रज अभ्यासक हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा दाखलाही त्यांनी दिला. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला. चौऱ्याऐंशी वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्याच्या कितीतरी आधी मुंबईतल्या एका न्यायालयात हा विषय मराठी मासिकाच्या निमित्ताने निघाला होता, आणि तो मांडणारे दोघेही महाराष्ट्राच्या अभिमानाचे विषय आहेत. या घटनेचा उल्लेख माझ्या वॉकमध्ये झाला नाही. मराठी साधने वाचणारी माणसे या कामात आली तर अशा गोष्टी सुटणार नाहीत.

त्याच चौपाटीवर १६ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईतला ‘क्विअर आझादी’ मोर्चा येऊन पोहोचला. तो स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी निघाला आणि ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाला, यामागे विचार होता. ज्या मैदानातून १९४२ मध्ये इंग्रजांना ‘चले जाव’ सांगितले गेले, तिथूनच, ३७७ वे कलम मागे ठेवून गेल्याबद्दल इंग्रजांनी माफी मागावी, अशी मागणी करण्यात आली. ओळखले जाण्याच्या भीतीने अनेकांनी चेहऱ्यावर मुखवटे लावले होते. मैदान ते चौपाटी हे अंतर रमतगमत चालले तरी अर्ध्या तासात संपते. एवढी एक वाट जरी इयत्ता नववी-दहावीच्या मुलांना पालकांच्या संमतीने नीट समजावून दाखवली, तरी नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला समतेचा हक्क त्यांना रस्त्यावर दिसेल.

इतिहासाची शिक्षिका म्हणून आयोजकांनाही दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. जुन्या रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा प्रत्येक नट आणि तमाशातला प्रत्येक नाच्या यांना पुराव्याविना या इतिहासात ओढू नये. ती कलेची आणि पोटापाण्याची परंपरा होती. एखाद्या कलावंताने स्वतःविषयी जे सांगितले नाही, ते त्याच्या पश्चात आपण त्याच्या नावावर लिहिणे योग्य नव्हे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जी जागा आज केवळ आठवणीत आहे तिथे पंधरा माणसे घेऊन उभे राहण्यात कोणाला त्रास होत नाही, पण जिथे आजही माणसे राहतात किंवा एकांत शोधत येतात, तिथे त्याच पंधरा माणसांची रांग म्हणजे जाच ठरतो. कामाठीपुऱ्यात आणि भायखळ्यात तृतीयपंथीयांच्या राहत्या वस्त्या आहेत. तिथल्या गुरूंनी बोलावले आणि काय दाखवायचे ते त्यांनीच ठरवले तरच तिथे जावे, आणि येणाऱ्या पैशांतला योग्य वाटा त्यांच्याकडे जावा. आमच्या वॉकमधल्या एकाने गेटवेच्या कठड्यावर बसलेल्या दोन तरुणांचे मोबाइलवर छायाचित्र काढले. मार्गदर्शकांनी बोलणे तिथेच थांबवले, ते छायाचित्र पुसायला लावले आणि त्या तरुणांची क्षमा मागितली. हा नियम सर्वच वॉकमध्ये सुरुवातीलाच सांगितला जावा. कायदा बदलला असला तरी घर, चाळ आणि नोकरीची जागा बदललेली नाही, आणि अशा एका छायाचित्राने कोणाचे छप्पर जाऊ शकते.

इतर शहरांनी या बाबतीत काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. लंडनमधल्या रॉयल वॉक्सहॉल टॅव्हर्न या पबला त्याच्या समलिंगी समुदायाशी असलेल्या नात्यामुळे २०१५ मध्ये संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. न्यूयॉर्कमधल्या ज्या स्टोनवॉल इन बारवर २८ जून १९६९ रोजी पहाटे पोलिसांनी छापा घातला आणि लोकांनी प्रतिकार केला, तो बार आणि समोरची बाग २०१६ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाली. आपल्याकडे वूडू गेला तेव्हा कोणी दखलही घेतली नाही. बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली झाली आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतालच्या इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या, याचा मला मुंबईकर म्हणून आनंद आहे. परंतु या याद्या प्रामुख्याने दगड आणि कमानी ओळखतात. महापालिकेने २०२१ मध्ये आपले मुख्यालय हेरिटेज वॉकसाठी खुले केले आहे. वाकोल्यात नव्वदच्या दशकात जागा देणाऱ्या याच महापालिकेने पर्यटन महामंडळाच्या साहाय्याने समुदायातील मराठी भाषक तरुणांना मार्गदर्शकाचे प्रशिक्षण द्यावे आणि ऑगस्ट क्रांती मैदान व चौपाटी येथे २००८ च्या मोर्चाची नोंद करणारे मराठी फलक लावावेत. मुंबई विद्यापीठाने साठी-सत्तरीच्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम तर लगेच हाती घ्यावे, कारण त्यांच्या पिढीतले कितीतरी जण एड्सच्या साथीत आधीच गेले आहेत.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. १९९८ च्या डिसेंबरातल्या आणि ऑगस्ट २००८ मधल्या बातम्या व छायाचित्रे आपल्या संग्रहात असणारच. वॉक घडवणाऱ्या संस्थांना ती अभ्यासासाठी उपलब्ध करून द्यावीत. मात्र छापण्याआधी किंवा दाखवण्याआधी, त्या दिवशी मुखवटा न लावलेल्या पण आजवर आपले नाव पुढे न केलेल्या माणसांचे चेहरे झाकावेत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, गिरगाव, मुंबई